धाकट्याला लिहायचं पत्र

प्रिय राजकन्याबाई,

तुम्ही गेल्याचं परवा वाचलं. हैदराबादहून येणारा इंग्रजी पेपर बाबा पाहुणबंगल्यातून घरी आणतात. आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात चार ओळी होत्या. डेन्मार्कच्या राजाची पुतणी, अल्पशा आजारानं. आईला सांगितलं तर ती चुलीपुढून उठली, तोंडावर पाणी मारून आली आणि म्हणाली, "त्यांच्या धाकट्याला पत्र लिही. थोरली सावरतील. त्याचं कसं व्हायचं?"

दोन दिवस कोरा कागद पुढं घेऊन बसलेय. धाकट्याला काय लिहू, बाई? म्हणून तुम्हालाच लिहितेय.

आमचं घर आठवत होतं का हो तुम्हाला? दौलताबादचा किल्ला चढून आला होतात, नाक उन्हानं लालबुंद. बाबा बंगल्याचे कारभारी. तुम्ही त्यांना म्हणालात, इथल्या बाईचं घर बघायचंय. आईची तर गाळणच उडाली. "राजाघरची लेक येणार, अन् मी काय ज्वारीची भाकर वाढू व्हय तिला?" शेवटी तीच वाढली, आणि तुम्ही दोन खाल्ल्यात! पाटावरून उठताना मात्र गुडघे धरले. आम्ही दोघींनी हात देऊन उठवलं तेव्हा किती हसलात!

तुमच्याबरोबरचे साहेबलोक बाहेर ओसरीवर बाबांशी बोलत होते. आत आपण तिघीच. मी मिशनच्या शाळेतली बारा वर्षांची पोर, तुमची दुभाषी. केवढा तोरा होता मला!

राजवाडा असूनही तुम्ही पाच भावंडं दोन खोल्यांत वाढलात म्हणे. फाटके मोजे तुमची आई तुम्हालाच रफू करायला लावायची. वडील सायकलवरून बाजारात जायचे. आईला काही केल्या पटेना. "राजाचा भाऊ अन् सायकलीवर? पोरी, नीट सांगतीस ना गं?" नीटच सांगत होते मी, तोपर्यंत.

मग आईनं ओटी भरायला घेतली, आणि तुम्हाला पदरच नाही! सकाळी गुलमंडीच्या बाजारात घेतलेली हिमरू शाल पुढं धरायला लावली. गहू, नारळ, खण. तेवढ्यात तुम्ही फोटो दाखवलात. आरमाराच्या पोशाखातले यजमान, दोन मुली, एक मुलगा आणि तुमच्या मांडीवर एक तान्हा. आईनं त्याच्यावर बोट ठेवलं. "ह्यो कुठाय?"

तो गेला, म्हणालात तुम्ही. मागच्या हिवाळ्यात, तापानं.

ओटी भरताना असं बोलायचं नसतं, बाई. ओटी म्हणजे लेकराबाळांचा आशीर्वाद. त्यावर मरणाचा शब्द कसा पडू द्यायचा? मी आईला म्हणाले, "घरी आहे. आयाजवळ."

ओटी झाली की खरं सांगणार होते. देवाशपथ! पण तोवर आईनं पेटी उघडली होती. माझा भाऊ बाळू दीड वर्षाचा असताना वारला, त्या गोष्टीला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्या पेटीला ती कुणाला हात लावू द्यायची नाही. तिनं स्वतः शिवलेली त्याची कुंची काढली आणि तुमच्या हातात दिली. "तिकडं लई बर्फ पडतंय म्हणं. कान झाकतील लेकराचे."

तुम्हाला मी सांगितलं, ही माझ्या भावाची, तो आता नाही. कुणासाठी दिली, तेवढं गाळलं. तुम्ही कुंची गालाला लावलीत आणि आईच्या गळ्यात पडून रडलात. आई तुमच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "जा बाई लवकर घरी. वाट बघत असंल लेकरू."

तुमच्याशी खरं बोलले मी, आईशी नाही.

पुढं दर नाताळला तुमचं कार्ड यायचं. आई विचारायची, "धाकटा काय म्हणतो?" मी त्याला दात आणले, चालायला शिकवलं, शाळेत घातलं. आता तो बापासारखा आरमारात जायचं म्हणतो! आई शेजारणींना सांगते, "माझ्या बाळूची कुंची राजाघरच्या लेकरानं घातली." एरवी ती बाळूचं नावसुद्धा घेत नाही. मग माझं तोंड उघडावं कसं? सांगा ना!

कधी कधी तुमचाच राग येतो. एवढ्या कार्डांत एकदा तरी त्याच्याबद्दल लिहायचं होतंत. मला सांगणं भाग पडलं असतं.

पण चूक माझीच. त्या दिवशी दोघींचं दुःख एकच होतं, आणि ते एकीलाच कळलं. तुम्हाला आई समजली. आईला मात्र वाटत राहिलं की तिची पेटी रिकामी झाली आणि तुमची मांडी भरलेली आहे. बारा वर्षं ती एकटीच रडली, माझ्यामुळं. फार वाईट वाटतं हो.

आई आत्ताच विचारून गेली, "झालं का लिहून?" मी हो म्हणाले. आता तिला शेजारी बसवते आणि हेच पत्र पहिल्यापासून वाचून दाखवते. ती रडली तरी थांबणार नाही, माझ्यावर चिडली तरी नाही. तुमचं त्या दिवशीचं बोलणं तिला आज सगळं सांगेन, एकही शब्द न गाळता.

तुमची दुभाषी,
कुसुम