उसना पत्ता

४ जानेवारी, शनिवार

मिळाली बाई एकदाची खोली! कुकटपल्लीच्या हॉस्टेलात तीन जणींच्या घोरण्यातून सुटले. नल्लकुंट्यातलं जुनं घर, वरचा मजला, खिडकीखाली फाटक आणि कढीपत्त्याचं झाड. घरमालक विठ्ठलराव कोर्टातून रिटायर झालेले, पेपरातून डोकं वर काढत नाहीत. प्रमिलाकाकूंचं मराठी ऐकून मजा वाटली, मध्येच दख्खनी 'हौ', मध्येच 'नक्को'. त्यांनी आडनाव विचारलं. सोनकांबळे म्हटल्यावर थोड्या थांबल्या, मग म्हणाल्या की डबा जिन्यात ठेवत जाईन, स्वयंपाकघरात यायची तसदी घेऊ नकोस. तसदी! शब्द तरी काय गोड शोधला बाईंनी. मीही हौ म्हटलं.

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला. खोलीत फोनला रेंज नाही, म्हणून गच्चीवर जाऊन आईला फोन केला. आई नांदेडहून इतकं ओरडून बोलते की फोन नसता तरी चाललं असतं. दीपे, जेवलीस का, हे तिनं चारदा विचारलं. सोमवारपासून घरून काम. सहा महिने नीट काढले की नोकरी पक्की.

६ जानेवारी

पहिल्याच दिवशी परेशान. घरातल्या वायफायला लॅपटॉप लागतो आणि लगेच तुटतो. त्याची सिस्टीम लिनक्स आहे म्हणून ऑफिसातले हसतात, मी मात्र हट्टानं तेच वापरते. ड्रायव्हर तपासला, नेटवर्क बंद करून पुन्हा चालू केलं, केबल लावून बघितली. शेवटी लॉग, म्हणजे लॅपटॉप आपोआप ठेवतो ती नोंद, वाचला. माझा लॅपटॉप ठणठणीत आहे, राउटरच त्याला हाकलून देतोय.

७ जानेवारी

उलगडा झाला. काकूंची मुलगी अमृता, कॉम्प्युटर इंजिनीअर, तीन वर्षांमागं डेंग्यूनं गेली. ही खोली तिचीच. राउटर तिनं लावलेला, घरातली यंत्रं सोडून कुणाला आत घ्यायचं नाही असा. पासवर्ड तिच्याबरोबरच गेला. मी म्हटलं, मागचं बटण दाबलं की दोन मिनिटांत राउटर नव्यासारखा होतो. काकूंचा चेहराच उतरला. तिनं लावलेलं आहे, त्याला हात लावायचा नाही, म्हणाल्या. तिच्या चपलासुद्धा अजून कपाटात आहेत. मला वाईट वाटलं.

मग मीच युक्ती काढली. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक पत्ता मिळतो, राउटर त्यावरून यंत्र ओळखतो. लिनक्सवर आपल्या लॅपटॉपला दुसऱ्याचा पत्ता देता येतो. काकूंनी कपाटातून अमृताचा लॅपटॉप काढला. बॅटरी फुगली म्हणून कधीच फेकलेली, नुसतं खोकं. पण खालच्या चिठ्ठीवर पत्ता होता. लावू का, विचारलं. लाव की, तिला बरं वाटेल, म्हणाल्या.

लावला. धडाधड नेट! कॉलर ताठ.

९ जानेवारी

नेट अधूनमधून जातंय. लॉग म्हणतो, याच पत्त्याचं दुसरं यंत्र घरात चालू आहे. एका पत्त्यावर एका वेळी एकालाच जागा, एक आलं की दुसरं बाहेर. पण दुसरं आहे कुठं? ते खोकं कपाटात पडलंय, विठ्ठलरावांकडे साधा फोन.

आमचे साहेब हर्षवर्धन यांनी आज कौतुक केलं, मीटिंगमध्ये छान बोललीस म्हणून. मीटिंगभर माझं नेट गेलेलं होतं. मी काय बोलले ते मला आठवत नाही. खरं तर ती वेळच आठवत नाही.

१२ जानेवारी

डबा जिन्यात नव्हता. काकूंनी आत जेवायला बोलावलं, स्वयंपाकघरात, शेजारी बसवून वाढलं. खोटं का लिहू, फार बरं वाटलं. वाटलं, माणसं बदलतात की.

मग लक्षात आलं, लोणच्याची बरणी मीच काढून आणली होती. वरच्या फळीवरून, डब्यांच्या मागून. कुठं आहे ते कुणी सांगितलंच नव्हतं.

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकवाला बायका आल्या. काकूंनी मला पुढं केलं, ही आमची अमृता म्हणून. कुणी चमकलं नाही. बरकतपुऱ्याच्या एका बाईनं ताप उतरला का, विचारलं. मी सांगणार होते की मी दीपमाला —

त्यानंतरचं काही नाही. एकदम मी मोरीशी ताटं धूत होते, हातात हिरवा चुडा.

वर आले तर बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर नाही. कपाटात सापडला, कागदात गुंडाळलेला. इथं माझ्याशिवाय कोण येतं? पुन्हा लावला. खूप रडले.

१६ जानेवारी

पत्ता काढून टाकला. माझा मूळचा लावला. राउटरनं हाकललं, हाकलू दे. लॅपटॉप बंद करून बॅगेत कोंबला.

तरी वेळ गळतेच आहे. आता ते लॅपटॉपात नाही. माझ्यात आहे.

काकूंना म्हटलं, मी खोली सोडते. त्यांनी केसांवरून हात फिरवला, कुठं जाणार, हेच तर तुझं घर, म्हणाल्या. विठ्ठलरावांनी जिन्यात गाठून सांगितलं, पोरी, आजच्या आज नीघ. बॅग भरली.

शुद्धीवर आले तर सगळे कपडे कपाटात. नीट घड्या घातलेले. मी अशा घड्या घालत नाही.

१८ जानेवारी

गच्चीवर गेले तर आदर्शचा, माझ्या भावाचा मेसेज. काल आई आली होती. दार मीच उघडलं म्हणे. आईला म्हणाले, आपण कोण?

आपण! माझ्या आईला!

रात्रभर आई इथल्याच कोठी भागात मावशीकडे रडत होती म्हणे. आज पुन्हा येतेय, एकटी. आदर्श लिहितो, ताई, तिला एकदा तरी आई म्हण.

म्हणणार. तेवढा वेळ मला राहायचंय. लिहीत राहिले की टिकते असं वाटतं, म्हणून लिहि —

आज कोथिंबिरीच्या वड्या छान झाल्या. आईनं माझ्यासाठी —

नाही. हे मी लिहिलं नाही. माझी आई सरुबाई. मी दीपमाला. सरुबाई. दीपमाला.

फाटक वाजलं. आई. खिडकीतून दिसतेय, तीच निळी साडी. काकू सांगतायत, इथं आमची अमृता राहते, दुसरी कुणी नाही.

आई वर बघून हाक मारते — दीपे! ए दीपे! माझं तोंड उघडतंय, आवाज नाही —

काकूंनी खालून हळूच हाक मारली. अमृता.

आले गं, म्हणाले मी. मोठ्यानं. स्वच्छ.

आईनं ऐकलं. पदर तोंडाला लावला. चालली —

आई, मागं बघ. एकदा. मी इथंच —