सुकरीची गाणी पुसली गेली

प्रगती पोरी,

लॅपटॉपवर चिडू नको, चूक माझी आहे. जुन्या हार्ड डिस्कची नक्कल नव्या एसएसडीवर उतरवायची सगळी तयारी करून तू कामाला गेलीस. तेवढं मीच उरकावं म्हणून बटण दाबलं, पण उलटं. कोरी डिस्क जुनीवर चढली आणि तुझ्या आजीनं लोकांच्या लग्नांत गायलेली गाणी गेली.

मांजर कीबोर्डवर नाचलं, असं सांगणार होतो. माझी वाघाशी कुस्ती तुला पचते, हेही पचलं असतं. पण सुकरीच्या बाबतीत खोटं बोलवेना.

ती आता नाही, पण पोशेरा गावची बाळी तिच्या मागं गायची. जीपनं तिला आणायला चाललोय. भाकर टोपलीत आहे, जेवून घे आणि नवी डिस्क तयार ठेव.

मला गाणी विचारू नको. चाळीस वर्षं तिच्या शेजारी बसलो, पण मी आपला बोलतच राहिलो.

— आजा