कुर्डूचं निंदण

प्रिय दामिनी,

फोनवर तू हो-हो करते आन् ठेवून देते, म्हणून लिहून राहिली. उज्मा लग्नाची पत्रिका घेऊन अमरावतीले आली, तर तू दारातूनच परत लावली म्हणे. एका ताटात जेवल्या ना वं तुमी दोघी! तिच्या अब्बाच्या बकऱ्यांनी तुह्या रानफुलांचा माळ खाल्ला, म्हणून वर्ष झालं त्या घराचं नाव घेत नाही. बाप्पा, काय तो राग! माह्यावरच गेली.

आधी माळाची खबर आयक. गावच्या ई-क्लास जमिनीवर, त्या सरकारी पडीकावर, तू सुरू केलेलं रानफुलं वाढवायचं काम बंद नाही पडलं. दिवाळीनंतर शेजारच्या पार्बताबाईनं आन् मी कडेले उरलेल्या फुलांचं बी झोडून डब्यात भरलं. उन्हाळ्यात गाजरगवत मुळासकट काढलं, अंगाची खाजून खाजून वाट लागली. मृगात बी फेकलं. आता भादव्यात पाहायले पाह्यजे तू! कुर्डू कमरेएवढा गुलाबी, खाली केन्याची निळी फुलं. भोवती बोरीच्या काट्या लावल्या त्या उज्माच्या अब्बानं, इनायतभाईनं. कोणी सांगितलं नव्हतं. बकऱ्या आता ते नाल्यापलीकडं नेतात.

आता वर्षभर घशात अडकलेलं सांगते. गेल्या वर्षी पोळ्याआधी तू दोन दिवस मुलाखतीले गेली होती. जाताना म्हणाली, आई, माळाकडे लक्ष दे. मी इळा घेऊनच गेली. चाळीस वर्षं कपाशीची पऱ्हाटी निंदली मी. केना-कुर्डू म्हणजे माह्यासाठी तणच, दिसला की हात थांबतच नाही माहा. लेकीचा माळ चकाचक करून ठेवते, म्हणून दिवसभर खपली. उपटलेला ढीग बांधावर टाकला आन् इनायतभाईले मीच म्हटलं, बकऱ्यायले चारा होईल. तू आली तेव्हा बकऱ्या तोच ढीग खाऊन राहिल्या होत्या. तू त्यायले नाही नाही ते बोलली. त्यायनं एकदा माह्याकडे पाह्यलं आन् मान खाली घातली. मी तिथंच उभी होती पोरी. ढीग मीच उपटला, हे सांगितलं नाही. तू माह्याशी बोलणं सोडशील, याचंच भेव वाटलं.

मागून मी विचारलं, काहून गप राह्यले? तर हसले. म्हणे, बकरीवाल्यावर सगळेच चिडतात भाभी, पण बेटी माँवर रुसली तर जाईल कुठं? मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी अकोटले निकाह आहे. मी मंडपात चार लोकांसमोर खरं सांगणार आहे, पण त्याआधी तुले माहीत असावं म्हणून हे पत्र. तू ये. माह्याशी नाही बोलली तरी मी सोसून घेईन. पण त्यायले पहिल्यासारखी चाचा म्हणून हाक मार. दर एसटीले ते फाट्यावर उभे राहून पाहतात, तू उतरली का म्हणून.

चुकलेली पण तुहीच,
आई