ताट मीच धरलं

माय, आज तुझ्याशी भांडायला बसले आहे. जिवंत होतीस तेव्हा माझं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाहीस. "बस झालं वं, कढई पाह्य," एवढं म्हणून मोकळी व्हायचीस. आज कढई मीच उतरवून ठेवली आहे. बोलताना माझ्या तोंडात तुझीच भाषा येते, पण कागद पुढे घेतला की हात शाळेतल्यासारखा चालायला लागतो, त्याला हसू नकोस. आतल्या खोलीत बाळंतीण झोपली आहे. तुझी नात. हो, तीच, जिला तू रोज न्हाऊ घालून गालावर काजळाची तीट लावायचीस. तिला मुलगा झाला, अन् काल त्याचं बारसं झालं. त्या बारशात काय झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही. पण आधी जुना हिशेब.

आमची बाळी झाली ते साल आठव. कापसाला भाव नव्हता, पऱ्हाटीवर बोंडअळी पडलेली, जिनिंग कधी चालू तर कधी बंद. घाटंजीच्या बाजारात लोक एक प्लेट भजे घेऊन तिघांत खायचे. त्याच हंगामात माझा नवरा चालवायचा तो मालकाचा, कापूस भरलेला मेटॅडोर उतारावर पलटला, ब्रेक गेला होता, अन् मी पाचव्या महिन्यात पांढऱ्या कपाळानं तुझ्या दारात उतरले. त्या वर्षांत आपल्या भागात कोणी तरणा माणूस गेला की लोक पहिला प्रश्न एकच विचारायचे, "फवारणीचं औषध घेतलं का?" मी सांगून सांगून थकले की नाही हो, गाडी पलटली. कोणाला पटायचंच नाही. शहरातून कॅमेरा घेऊन दोघं आले तेही तसंच समजून आले. मला म्हणाले, ताई, पदर डोक्यावर घ्या, असं खाली बघा. तू भज्यांचा झारा हातात घेऊन मध्ये उभी राहिलीस. "माहा जवाई गाडीखाली गेला, त्यानं औषध-बिवषध काई नाई घेतलं. फोटोच काढाचा असन तर ह्या भज्याचा काढा. अन् खाऊन जा, गरम हायेत." ते बिचारे खाऊनच गेले. त्या दिवशी मला वाटलं होतं, ही बाई पाठीशी आहे तोवर माझं कोणी काही वाकडं करू शकत नाही.

मला काय माहीत, तू जगाला भीत नव्हतीस पण हळदीकुंकवाच्या ताटाला भीत होतीस.

बाळी माहेरीच झाली अन् मी माहेरीच राहिले. सासरच्यांनी न्यायचं नाव काढलं नाही, मीही विचारलं नाही. आपलं घर म्हणजे तेव्हा नुसती धावपळ. समोर तुझी भज्यांची गाडी, बाजूला दादाचं पंक्चरचं दुकान, ओसरीत वहिनीची शिलाई मशीन. लेकरू ज्याचा हात रिकामा त्याच्याकडे. दादाच्या दुकानात जुन्या ट्यूबांवर गोणपाट टाकून निजायची ती, अन् तिथेच पहिल्यांदा पालथी पडली. दादा हातातली गाडी तशीच सोडून ओरडत आला, "अवं, पलटली! पलटली!" पलटली हा शब्द ऐकून मी हातातलं टाकून धावले. मग बाळी दिसली, मान वर काढून सगळ्यांकडे रागानं बघत होती, अन् मी महिन्यांनी पहिल्यांदा खदखदून हसले. तू त्या दिवशी गाडीवर येईल त्याला गुळाचा खडा दिलास. बसायला लागली तेव्हाही दिलास. लोक म्हणायचे, या सालात कायले वाटून राह्यली? तू म्हणायचीस, "साल त्याहिचं खराब असन. माह्या नातीचं पह्यलंच साल हाये."

पण कार्य आलं की तू बदलायचीस. बारशाला बायका जमल्या, पाळणा सजला, अन् तू माझा दंड धरून मला चुलीपाशी नेलंस. "तू इथंच राह्य. वहिनी बसते पोरीले घेऊन." मी म्हणाले, माय, लेकरू माझं आहे. "असन. पण आज तू पुढे नको येऊ." माझ्या पोरीचं नाव कानात कोणी कसं सांगितलं ते मी पाहिलं नाही, पलीकडून फक्त टाळ्या ऐकल्या. माझ्या शेजारीच तू उभी होतीस. बाबा आधीच गेलेले, म्हणून दादाच्या लग्नातही तू तिथेच उभी होतीस, दाराआड, अन् तुझ्या पोराला ओवाळत होती काकू. तुला त्याची सवय झाली होती. मला करून घ्यायची नव्हती.

दात आला तो वरचा. झालं! वरचा दात आधी आला तर मामाला जड म्हणतात, म्हणून तू दिवसभर माझ्याकडे अशी बघत होतीस जशी मीच तो दात आतून ढकलला. दादा चाकातली हवा तपासत म्हणाला, "माय, माह्या दुकानात गिऱ्हाईक नाई, उधारी लय, पाठ दुखते. यवढं सगळं जड हाये, त्याच्यात एका दातानं काय होते वं?" मी तोंडाला पदर लावून हसले. तू नाही हसलीस.

मग संक्रांत आली, बोरनहाण आलं. वहिनीनं काळ्या कापडाचं इवलं झबलं शिवलं, हलव्याचे दागिने केले. गल्लीतली सगळी पोरं जमली. अन् मी कुठे? आत, भजे तळत. बाहेर बाळीच्या डोक्यावरून बोरं, मुरमुरे ओतले, पोरांनी एकच गिल्ला केला, अन् ती घाबरून रडायला लागली. वहिनीनं घेतलं, राहीना. काकूनं घेतलं, राहीना. तिला मी हवी होते. मी बेसनाच्या हातांनी तशीच बाहेर गेले, बायकांच्या मधोमध बसले, तिला मांडीवर घेतलं, अन् सुपातली उरलेली बोरं माझ्या हातानं तिच्या डोक्यावरून हळूच सोडली. ती रडायची थांबली. बायकाही बोलायच्या थांबल्या. एक म्हातारी उठून चपला शोधायला लागली. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "तुले समजत नाई काय वं? लेकराचं वाईट कराले निंगाली?"

लेकराचं वाईट! माय, हा शब्द मी विसरले नाही. कोणी परक्यानं म्हटला असता तर त्याच्या अंगावर कढई ओतली असती.

कितीतरी दिवस आपण बोललो नाही. बाळी रांगत तुझ्याकडून माझ्याकडे यायची, तीच आपली निरोप्या. मग एका सकाळी मी पाट्यावर डाळ वाटते आहे, तू मिरच्या निवडते आहेस, बाळी आपल्या दोघींच्या मध्ये ताटली आपटते आहे. तू मान खाली घालूनच बोलायला लागलीस. "तुह्या लग्नात म्या हळद लावली होती तुले. पहाटं, बाया याच्या आंधी. तू झोपेत होती. एकच बोट लावलं गालाले. म्हनलं, माही एकुलती एक पोरगी हाये, मले कोन पाह्यते." अन् एक मिरची उचललीस. "पाह्यलं ना काय झालं ते?"

मी वरवंटा सोडला. इतके महिने मला वाटत होतं, तू मला अपशकुनी समजतेस. तू तर स्वतःलाच समजत होतीस. मला तुझी कीव आली, अन् त्याहून जास्त राग आला. ज्यांनी तुझ्या डोक्यात हे भरलं त्यांचा, अन् ते भरून घेतलंस म्हणून तुझा. मी ओरडलेच. "ब्रेक गेला होता माय! तुह्या एका बोटानं गाडीचा ब्रेक जाते काय? मालकानं गाडी दुरुस्त केली नाई, त्याले कोनी दाराआड उभं नाई केलं. तू कायले उभी राह्यतं?" तू मिरच्यांचे देठ निवडलेल्या मिरच्यांत टाकत होतीस, अन् निवडलेल्या मिरच्या केरात.

बाळीच्या पहिल्या वाढदिवसाला मी कोणाला विचारलंच नाही. सकाळी नवं लुगडं नेसले. बायका आल्या, पाट मांडला, वहिनीनं ताट केलं, निरांजन लावलं, अन् देवाशप्पथ सांगते, वहिनीनं ते ताट सरळ माझ्या हातात दिलं. माझी वहिनी बोलायची कमी, पण त्या दिवशी तिनं मला जन्माचं विकत घेतलं. बायकांत कुजबुज झाली. मी म्हटलं, ज्यांना बघवत नाही त्यांनी भजे खाऊन घरी जावं. अन् माझ्या लेकीला मी ओवाळलं. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. ती निरांजन धरायला बघत होती. काही आभाळ कोसळलं नाही. मग मी ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आले, बाळीला कडेवर घेऊन. तुझ्यापुढे ताट धरलं. म्हटलं, माय, आता तू. "माहे हात तेलाचे हायेत," तू म्हणालीस. पुसून घे, म्हटलं. तू हात पुसलेस. बराच वेळ पुसलेस. मग ताटाला हात न लावता निरांजनाच्या वरची काजळी बोटावर घेतलीस अन् बाळीच्या गालाला तीट लावलीस. तीट काय, तू रोजच लावायचीस. पण त्या दिवशी दारातून एक पाऊल बाहेर येऊन लावलीस, सगळ्यांच्या देखत. मी तेवढ्यावर समाधान मानलं. आता वाटतं, मानायला नको होतं. तुझ्या हातात ताट कोंबायला पाहिजे होतं, पडलं असतं तर पडलं असतं.

कालचं सांगते. आता या घरात सगळ्यांत मोठी मीच. लेकीनं बाळाला मांडीवर घेतलं अन् म्हणाली, "आई, पह्यले तू ओवाळ." तिच्या सासूनं काही म्हटलं नाही, उलट बाजूला सरकून मला जागा दिली. एवढं तरी जग बदललं, अन् आपोआप नाही बदललं, माझ्यासारख्या चार जणींनी बोलणी खाल्ली म्हणून बदललं. मी ताट उचललं. पन्नास डोळे असोत की शंभर, मी कोणाकडे बघितलं नाही. नातवाला ओवाळलं, कुंकू लावलं, तीटही लावली, तुझ्या पद्धतीची, डाव्या गालावर.

इथपर्यंत माझी जीत आहे, हे कबूल कर.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. उद्या बाजार आहे, भजे बांधायला कागद लागतातच, त्यात हाही जाईल. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, जी लेकीलाही सांगितली नाही. जावई कळंबचा. दुपारी जेवून मोटारसायकलवर निघाला. तो गल्लीच्या बाहेर पडला असेल नसेल, मी मागच्या अंगणात जाऊन त्याला फोन लावला. "पोचले काय?" "अजून घाटंजीतच हाये आई," तो म्हणाला, "काई राह्यलं काय?" म्हटलं, नाही, सहज. मग यवतमाळला पोचला असेल तेव्हा परत लावला. मग कळंबला. शेवटच्या वेळी म्हणाले, "जवाईबापू, गाडीचे ब्रेक पाहून घेत जा." तो हसला. त्याला काय माहीत, सकाळी मी ओवाळलं होतं ना, तुझ्या त्या एका बोटासारखं.

जिंकलीस म्हणून नाचू नकोस. संक्रांतीला बोरनहाण आहे, तेव्हाही ताट मीच धरणार आहे. अन् फोनही करणार आहे.