कै. गुर्जर मॅडम अद्याप ड्यूटीवर असल्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
कै. यमुनाबाई देवल महिला महाविद्यालय,
मिरज, जि. सांगली.

अर्जदार : सौ. शैला प्रबोध मिरीकर, माजी सहाय्यक प्रशिक्षिका (बास्केटबॉल), सध्या मुक्काम जुरोंग ईस्ट, सिंगापूर.

विषय : कै. कु. वत्सला गुर्जर, मुख्य प्रशिक्षिका (बास्केटबॉल), यांना लेखी आदेशाने कार्यमुक्त करणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे गेल्या वर्षीचे दुखवट्याचे पत्र व सोबतचा शोकसभेचा ठराव.

महोदय,

१. विषय वाचून आपण चष्मा पुसाल, हे अर्जदार जाणून आहे. चष्मा ठीक आहे. अर्जदाराचे डोकेही ठिकाणावर आहे. अर्ज शेवटपर्यंत वाचावा आणि मगच फायलीला लावावा, एवढी पहिली विनंती.

२. अर्जदार ही आपल्याच महाविद्यालयाची विद्यार्थिनी. गुर्जर मॅडमच्या संघातून खेळली, पदवी घेतली आणि त्यांच्याच हाताखाली सहाय्यक प्रशिक्षिका म्हणून लागली. सहाय्यकाने करायचे काय, हे नेमणूकपत्रात कोठेही लिहिलेले नसते, म्हणून येथे नमूद केले आहे : चेंडूंत हवा भरणे, पाण्याचा कॅन वाहणे, मुरगळलेल्या घोट्याला पट्टी बांधणे, मुलींच्या आयांची समजूत काढणे आणि टाइम-आउटला मॅडमच्या शेजारी उभे राहून मान डोलावणे. मॅडम म्हणत, "शैला, हिला उतरव." अर्जदार म्हणे, "हो मॅडम." उभ्या नोकरीत अर्जदाराने मॅडमना दुसरे वाक्य ऐकवलेले नाही. ही तक्रार नव्हे. खेळ शिकवावा तर त्या बाईनेच.

३. अर्जदाराचे यजमान श्री. प्रबोध हे मरीन इंजिनिअर. त्यांना इथल्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात काम मिळाले, तेव्हा अर्जदाराने राजीनामा देऊन बिऱ्हाड सिंगापूरला हलवले. येथील एका कॉलेजच्या मुलींच्या संघाला सहाय्यक प्रशिक्षक हवी होती. मुख्य प्रशिक्षक मिस्टर कोह यांनी काय काय येते म्हणून विचारले. अर्जदाराने समोरच्या मुलीच्या घोट्याला पट्टी बांधून दाखवली आणि नोकरी मिळाली. देश बदलला, पाण्याचा कॅन काही सुटला नाही.

४. गेल्या वर्षी आपले पत्र आले. सरावाआधी मॅडम मैदानाकडेला खुर्चीत बसल्या बसल्याच गेल्या. मुलींना वाटले, डोळे मिटून विचार करताहेत. अर्जदार ओट्याला धरून खूप रडली. पत्रासोबत ठराव होता : "कै. गुर्जर मॅडम यांचे मार्गदर्शन महाविद्यालयाच्या आजी-माजी प्रशिक्षिकांना यापुढेही अखंड मिळत राहील, असा विश्वास ही सभा व्यक्त करते." खाली आपली सही, गोल शिक्का, जावक क्रमांक आणि प्रत पाठवायची म्हणून अर्जदाराचा जुरोंग ईस्टचा संपूर्ण पत्ता. महोदय, इथेच घात झाला.

५. मॅडम लेखी आदेशाला किती पक्क्या होत्या, ते आपले जुने शिपाई दिलीप यांना विचारावे. मॅडमना एकदा राज्य शिबिरासाठी पाठवले होते. शिबिर संपले, मुली गेल्या, आचारी गेला, वसतिगृहाची वीजही बंद केली. परतीचा आदेश टपालात अडकला होता, म्हणून मॅडम तिथेच मेणबत्ती लावून राहिल्या. दिलीप आदेश घेऊन पोचले तेव्हा बाईने आधी पोच लिहून दिली आणि मग बॅग उचलली. अशा बाईच्या नावाने आपण अखंड मार्गदर्शनाचा ठराव काढता, वर शिक्का मारता आणि कुठवर, ते लिहीतच नाही! मग त्या काय करणार? आल्या.

६. पत्र आले त्याच आठवड्यात, दुपारच्या सरावाला, अर्जदाराशेजारच्या रिकाम्या खुर्चीतून आयोडेक्सचा वास आला. मग पांढरे कॅनव्हासचे बूट दिसले, मग कमरेला घट्ट खोचलेला पदर. अर्जदाराची बोबडी वळली. मॅडमनी वर पाहिले आणि एवढेच म्हटले, "छप्पर बरं आहे गं यांच्याकडे." आणि खेळ पाहू लागल्या. अर्जदार खोटे बोलणार नाही. भीती ओसरल्यावर तिला आनंदच झाला. परक्या मुलखात आपले माणूस येऊन शेजारी बसले, याचे सुख इथे राहिल्याशिवाय कळायचे नाही. मॅडम बसल्या जागेवरून सांगत, अर्जदार तेच इंग्रजीत करून मुलींना सांगे आणि संघ जिंकू लागला. या मोसमात मिस्टर कोह कायमचे पर्थला गेले आणि कॉलेजने संघ अर्जदाराच्या हाती दिला. मुलींना वाटते, कोच शैला फार हुशार. आता काय सांगायचे त्यांना, कपाळ!

७. पुढे मॅडम मैदान सोडून घरीही येऊ लागल्या. एमआरटीत, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, शेजारी बसतात. लिटिल इंडियात भाजी घेताना कानाशी म्हणतात, "ती भेंडी जून आहे, ठेव." अर्जदाराची मुलगी मैत्रेयी हिने आईला रिकाम्या खुर्चीकडे पाहून मान डोलावताना पकडले आणि इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आई, देअर इज नोबडी ला." श्री. प्रबोध हे अबोल गृहस्थ. त्यांनी एका रविवारी पानावरून नुसते विचारले, "त्यांनाही आमटी वाढायची का, ते एकदा सांगून टाक." इथवर हसण्यावारी नेता आले असते. पण महोदय, आता भाजी काय करू असे कोणी विचारले तरी अर्जदार आधी शेजारी पाहते. स्वतःचे मत म्हणून काही उरले आहे की नाही, हे तिचे तिलाच कळेनासे झाले आहे.

८. तातडीचे कारण असे की, उपांत्य सामन्यात संघाची कॅप्टन ह्वी मिन ही रिंगखाली पडली. गुडघा एवढा सुजला की वाटी दिसेना. डॉक्टरांनी उडी मारायला सक्त मनाई केली आहे. मॅडमचे म्हणणे : "पट्टी बांध. रविवारी फायनलला उतरव." मिरजेत विनीता भोसले हिचाही गुडघा असाच होता. तिला मॅडमच्या हुकमाने पट्टी बांधून उतरवले आणि ढाल आली. ती आपल्या कार्यालयातल्या कपाटावर आहे. विनीता आज जिना आडवी होऊन उतरते. अर्जदाराला मॅडमची भीती नाही. तिला स्वतःच्या हातांची भीती आहे. मॅडमचा शब्द पडला की हे हात आपोआप पट्टी उलगडू लागतात. तरी मॅडमना कार्यमुक्त केल्याचा आदेश रविवारच्या आत फॅक्सने पाठवावा. अर्जदार तो त्यांना वाचून दाखवील. कागद पाहिल्यावर त्या क्षणभर थांबायच्या नाहीत.

९. वरील मजकूर गुरुवारी लिहिला. कॉलेजच्या ऑफिसातून मिरजेचा फॅक्स लागेना. पलीकडे आपले कोणी तरी फोन उचलून "हॅलो, कोण बोलतंय, मोठ्यानं बोला" करीत राहिले. आज रविवार. अंतिम सामना होऊन गेला आहे, म्हणून पुढील मजकूर जोडला आहे.

१०. सामन्यात अर्जदाराचा संघ मागे पडला. शेवटच्या टाइम-आउटला ह्वी मिन बाकावरून उठून लंगडत आली आणि तिने पाय पुढे केला. "कोच, टेप इट. कॅन वन, कोच. प्लीज." पट्टी बांधा, मला जमेल, असे तिचे म्हणणे. शेजारून मॅडम म्हणाल्या, "ऐकलंस ना? पोरीत धमक आहे. बांध." अर्जदार खाली बसली. हातांनी पट्टीचे टोक सोडवले, पहिला वेढासुद्धा घातला. गुडघा तव्यासारखा तापला होता. आणि अर्जदाराच्या तोंडून मोठ्याने, सगळ्यांदेखत, मराठीत निघाले, "नाही मॅडम." "नाही म्हणजे नाही. ही उतरणार नाही. हा संघ माझा आहे." ह्वी मिनला वाटले, कोच तिच्यावरच ओरडल्या, ती रडू लागली. संघ हरला.

मॅडम फाडून खातील, असे अर्जदाराला वाटले होते. खाल्ले असते तर बरे झाले असते. त्या खुर्चीतून उठल्या, पदर सावरला, बाकावरच्या घामेजलेल्या मुलींकडे एकवार पाहिले. मग नोकरीच्या पहिल्या दिवशी नवखी मुलगी विचारते, तशा आवाजात म्हणाल्या, "बरं. मग शैला, मी आता कुठं बसू?"



११. तेव्हापासून मॅडम उभ्या आहेत. काही सांगत नाहीत, टोकत नाहीत. परत येताना एमआरटीत जागा रिकामी असूनही बसल्या नाहीत. या घटकेला हॉलमध्ये, दाराशी, हाताची घडी घालून उभ्या आहेत. मैत्रेयी त्यांच्यामधून दोनदा गेली आणि दोन्ही वेळा त्यांनी अंग चोरले. ज्या बाईला पाहून अख्खे मैदान सावरून उभे राहायचे, तिने एका पोरीसाठी अंग चोरावे, हे बघवत नाही हो. "बसा" म्हणायची अर्जदाराची छाती होत नाही. शेजारी बसल्या की त्या सांगू लागतील, आणि त्या सांगू लागल्या की पुढच्या खेपेला "नाही" म्हणवेल की नाही, याची खात्री देता येत नाही.

१२. सबब, विषयात लिहिलेली मागणी अर्जदार मागे घेत आहे. कार्यमुक्त झालेल्या माणसाने घरी जायचे असते. मॅडमना घर नव्हते. वसतिगृहातली एक खोली होती, तीत आता आपण जुन्या गाद्या ठेवल्याचे कळते. तरी विनंती की, आपल्या मैदानाच्या कडेला एक खुर्ची कायमची टाकावी. तिच्यावर दुसऱ्या कोणाला बसू देऊ नये. मॅडमनी तेथे रुजू व्हावे, बसावे आणि नुसते पाहावे, असा स्पष्ट लेखी आदेश वरील पत्त्यावर पाठवावा. त्यांचा सल्ला घ्यायचा की नाही, ते नव्या प्रशिक्षिकेने ठरवावे. खुर्ची हातांची असावी. मॅडमची कंबर धरते. संस्था त्यांची ऋणी आहे, असेही आदेशात एक वाक्य घातले तर कोणाचे काही जाणार नाही. जिवंतपणी ते कोणी लिहून दिलेले नाही.

१३. कृपया त्वरा करावी. मॅडम उभ्या असताना सहाय्यकाने बसायचे नाही, ही आपल्या मैदानाची रीत; ती अर्जदाराच्या अंगातून गेलेली नाही. कलम नऊपासूनचा मजकूर तिने ओट्यावर कागद ठेवून उभ्यानेच लिहिला आहे, आणि आपला आदेश येईपर्यंत ती बसणार नाही.

आयुष्यात प्रथमच हट्टाला पेटलेली, आपली
सौ. शैला प्रबोध मिरीकर
जुरोंग ईस्ट, सिंगापूर
दि. १५ सप्टेंबर १९९६

सोबत :
१) शोकसभेच्या ठरावाची प्रत.
२) कु. ह्वी मिन हिच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. (मॅडमना दाखवली आहे. त्यांनी वाचली.)