हवेतून पाणी काढण्याचा ठराव

१४ मार्च २०१६, सोमवार

दूध संस्थेचं शेवटचं प्रोसिडिंग बुक घरीच राहिलं होतं. मागची शंभरेक पानं कोरी. संस्था बंद पडून आठ महिने झाले, जनावरं छावणीत गेली, सभासद पुण्याकडे गेले. पानं मात्र चांगली आहेत. आजपासून रोजनिशी यातच. एकतीस वर्षं सेक्रेटरी म्हणून दुसऱ्यांचं बोलणं लिहिलं, न बोललेलंही लिहिलं. आता स्वतःचं.

ठराव क्र. १ : रोज पहाटे पाचला उठणे. सूचक मी, अनुमोदक मी. सर्वानुमते मंजूर.

१५ मार्च, सकाळी ८.२०

उठलो.

वच्छला अंबाजोगाईला जानकीकडे जाऊन सतरा दिवस झाले. टँकरजवळच्या चिखलात घसरून तिचं मनगट मोडलं. मी तेव्हा घरी पेपरात पाणीवाटपावरचाच अग्रलेख वाचत होतो, म्हणजे विषय एकच होता. लेकीकडे हवापालट होईल, दवाखानाही जवळ. एस.टी.त बसल्यावर खिडकीतून म्हणाली, ह्या हातानं आता हंडा न्हाई उचलायची, घरात पाणी आलं की सांगा, मग येते. रागात बोलली. सोमवारपर्यंत येईल.

पाण्याची तशी अडचण नाही. शेजारच्या बायडाबाई रोज एक हंडा ओट्यावर ठेवून जातात. मी मागितलेला नाही. टँकरच्या रांगेत सगळ्या बायका. चौसाळ्यात सेक्रेटरीनं हंडा घेऊन तिथं उभं राहणं बरं दिसत नाही. शिवाय गुडघा.

२१ मार्च, सोमवार

वच्छला आली नाही. एस.टी.ला गर्दी असेल.

दिवसभर टीव्ही. टीव्हीवर दाखवतात त्यातलं दहा टक्के खरं, हे माझं मत. मी बघतो ते उरलेलं नव्वद ओळखता यावं म्हणून. जावयानं दिलेल्या मोबाइलबद्दल तर बोलायलाच नको. प्रत्येक गोष्टीला विचारतो, 'मी सहमत आहे' दाबा. न वाचता सहमत व्हायला मी काय सभासद आहे?

दुपारी एक जाहिरात लागली. 'पवनगंगा' नावाचं मशीन. हवेतून पाणी काढतं. दिवसाला वीस लिटर. अशा जाहिरातींना भुलणाऱ्यांची कीव येते. नंबर लिहून ठेवला, पुढेमागे तक्रार करायला.

२३ मार्च

मुनव्वर मेकॅनिककडे गेलो. पंखे, कूलर, मोटारी दुरुस्त करतो. चौथीपर्यंत माझ्या शेजारी बसायचा, त्यामुळे त्याच्या तोंडाला लगाम नाही. मशीनचं सांगितलं. म्हणाला, हवेतच पाणी असतं तर बिंदुसरा कावून आटली बे?

विज्ञान वेगळं आणि बिंदुसरा नदी वेगळी. शिकलेला नाही, त्याला दोष नाही.

मग म्हणाला, वैनीला पाणीच पाहिजे ना, दोन खेपा तू कर की टँकरवर. मी विषय बदलला.

२९ मार्च

ठराव क्र. २ : घरात पाण्याची कायमस्वरूपी सोय करणे. मंजूर.

मशीन मागवलं. मोबाइलवरूनच. 'मी सहमत आहे' सात ठिकाणी दाबलं. उन्हात स्क्रीन दिसत नव्हता.

६ एप्रिल

मशीन आलं. कपाटाएवढं, पांढरं, खाली तोटी. फिटरनं वायर जोडली, तोटीतून ग्लासभर पाणी काढून दाखवलं. त्याच्याजवळची पाण्याची बाटली आधी भरलेली होती, नंतर रिकामी दिसली. ऊन फार आहे, प्याला असेल.

फॉर्मवर सही मागितली. फॉर्म कोरा. म्हणाला, तुम्ही सही करा, मजकूर नंतर भरतो. मला बरं वाटलं. कामाची पद्धत माहीत असलेला माणूस. आम्हीही एकतीस वर्षं अशाच सह्या घेतल्या. आधी सही, मग मजकूर, मग जमली तर सभा.

वच्छलाला फोन केला की घरात पाणी आलं. तिनं विचारलं, किती? मी म्हणालो, आज सुरुवात आहे.

७ एप्रिल

चोवीस तासांत अर्धी वाटी. मधे सात तास लाइट नव्हती, तेव्हा सरासरी चांगली म्हणायची.

११ एप्रिल

पाव वाटी. मशीन घुं घुं करतं. झोप येत नाही, जागही येत नाही. पडून असतो.

मुनव्वरनं उघडून पाहिलं. म्हणाला, मशीन चांगली हाय, हवाच खराब हाय. पावसाळ्यात गार तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तेच ह्याचं काम. आता हवेत वल कुठं हाय? लई महागाचा तांब्या घेतला तू.

लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

१८ एप्रिल

कंपनीला फोन. मराठीसाठी दोन दाबा. दाबलं. हिंदीत बोलली. तक्रार नोंदवली, आनंद झाला, आपला दिवस शुभ असो.

२५ एप्रिल

ग्राहक मंचात तक्रार दाखल केली. बीडला स्वतः जाऊन. वकील लावला नाही. कायदा म्हणजे शेवटी कागद, आणि कागदात माझा हात कोण धरणार? कायद्यावर माझा विश्वास नाही, पण त्याला आपल्यावर वापरू देण्यापेक्षा आपण आधी वापरलेला बरा.

वच्छलाचं प्लास्टर निघालं असं जानकी म्हणाली. म्हणजे आता अडचण काहीच नाही. सोमवारी येईल.

८ मे

उन्हाचा पारा बघायचं सोडलं.

हायवेवर चहाला एका चॅनेलची गाडी थांबली होती. तीन दिवस कोरड्या विहिरी शूट करून त्यातल्या बातमीदार बाईंना कंटाळा आला होता, ऑफिसातून निरोप होता की काहीतरी पॉझिटिव्ह पाठवा. चहावाल्यानं माझं नाव सांगितलं. 'दुष्काळावर मात करणारा सेक्रेटरी.' उद्या दहाला येणार. मी म्हणालो, मशीनचं काम जरा हळू चालतं. त्या म्हणाल्या, काका, आम्हाला फक्त धार पाहिजे.

चॅनेलवाले धडधडीत खोटं कसं दाखवतात ते जवळून बघायची संधी आहे. हो म्हणालो.

९ मे

पहाटे साडेचारला उठलो! टँकर रात्री चौकातच मुक्कामाला होता. रांग लागायच्या आत गेलो, तोंडाला गमछा बांधून. बंकट ड्रायव्हरनं ओळखलंच. शेकटरी, तुमी? असं म्हणाला. हंडा भरून दिला. खांद्यावरून आणला. परत गेलो, दुसरा आणला. दोन्ही मशीनच्या टाकीत ओतले. गुडघ्याला काही झालं नाही.

दहाला शूटिंग. तोटी सोडली, धार पडली. त्या बाईंनी विचारलं किती पाणी निघतं, माझ्या तोंडून निघून गेलं, वीस लिटर. तुम्ही समाधानी आहात का? पूर्ण.

मंचातली तक्रार वेगळी, टीव्ही वेगळा. दोन्हींचा संबंध नाही.

१० मे

चाळीस सेकंद दाखवलं. गमछ्याची घडी नीट दिसली.

११ मे

ओट्यावर हंडा नाही.

बायडाबाई सकाळी कळशी घेऊन आल्या. शेकटरी, वीस लिटर निघतंया म्हनं, नातीला ताप हाय, एक कळशी द्या. मी सांगितलं, मेंटेनन्स चालू आहे. त्या रिकामी कळशी घेऊन गेल्या.

लाज वाटायला हवी होती. वाट पाहिली. फक्त तोंड कोरडं पडलं.

१५ मे

ओट्यावर हंडा नाही. मुनव्वरनं सायकलला लावून कॅन आणून दिली. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

ठराव क्र. ३ : उद्यापासून टँकरच्या रांगेत उभे राहणे. चर्चेअंती पुढील सभेपर्यंत तहकूब.

२ जून

नोटीस आली. वीस तारखेला सुनावणी. साक्षीदार आणता येईल. वच्छलाला फोन करून विचारलं. म्हणाली, जे खरं असंल ते सांगते. बीडहून तिला सरळ घरी आणायचं असं ठरवलं. खोली झाडली. अर्धी झाडली.

२० जून, सोमवार

आजचा दिवस सविस्तर नोंदवतो.

ग्राहक मंच म्हणजे मंच असेल, समोर सभागृह असेल, अशी माझी कल्पना. 'व्यासपीठावरील मान्यवर' पासून चार पानांचं भाषण नेलं होतं. तिथं एक खोली, तीन खुर्च्या आणि बंद पडलेला पंखा. 'व्यासपीठावरील' एवढं म्हणून झालं, तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, मुद्द्यावर या.

वच्छला मागच्या बाकावर. वाळली आहे. डावा हात उजव्या हातानं धरून बसली होती.

कंपनीच्या वकीलबाईंनी माझ्या सहीचा फॉर्म काढला. 'यंत्र रोज वीस लिटर पाणी देते, मी समाधानी आहे.' मी फॉर्म उजेडात धरला आणि हसूच आलं. सही निळी, मजकूर काळा. अध्यक्षांना दाखवलं, म्हणालो, साहेब, ही कामं करायची तर दोन्हीकडे पेन एकच वापरावा लागतो. तुम्हाला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं. अनुभव, असं सांगितलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

मग बाईंनी लॅपटॉपवर टीव्हीची बातमी लावली. मी, तोटी, धार. वीस लिटर. पूर्ण. खोलीत दोघंतिघं हसले. अध्यक्षांनी विचारलं, हे पाणी मग कुठून आलं?

इथं मी हुकमाचं पान टाकलं. सांगितलं, साहेब, ते मशीनचं पाणी नव्हे, टँकरचं. मी स्वतः पहाटे साडेचारला उठून दोन खेपा केल्या. खांद्यावर हंडा घेऊन. बंकट ड्रायव्हर साक्षीला आहे. मशीन पाणी देत असतं तर साठीच्या माणसानं हे कशाला केलं असतं?

युक्तिवाद बिनतोड. मी वळून वच्छलाकडे बघितलं. ती स्वतःच्या मनगटाकडे बघत होती.

अध्यक्षांनी तिला विचारलं, मशीन पाणी देतं का? ती म्हणाली, मला म्हाईत न्हाई साहेब, मी घरी नव्हते.

निकाल राखून ठेवला.

स्टँडवर चौसाळ्याची गाडी लागली होती. मी पिशवी घेऊन चढायला लागलो. ती खालीच. म्हणाली, मशिनीसाठी दोन खेपा केल्या तुमी. मी म्हणालो, टीव्हीवाले येणार होते, करावं लागलं. ती म्हणाली, हां. अंबाजोगाईची गाडी पलीकडे उभी होती. त्यात जाऊन बसली. खिडकीची जागा मिळाली तिला.

२२ जून

तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं नाही.

कळलं. प्रोसिडिंगला घेत नाही.

७ जुलै

टँकर बंद झाले. पाऊस थोडाफार पडतोय. विशेष काही नाही.

३० ऑगस्ट

ठराव क्र. १ रद्द.

२६ सप्टेंबर, सोमवार

आठ दिवस पाऊस थांबलेला नाही. भिंतीला हात लावला तरी ओला होतो. बिंदुसरा भरली म्हणतात.

निकाल पोस्टानं आला. जिंकलो! फॉर्मवरच्या दोन शाया आणि माझा जबाब ग्राह्य. कंपनीनं जुनं मशीन उचलून त्याच प्रकारचं नवीन द्यावं. कायद्याला कमी लेखू नये, असं माझं पहिल्यापासून मत आहे.

वच्छलाला फोनवर निकाल वाचून दाखवला. चारही पानं. शेवटी ती म्हणाली, बरं झालं.

३ ऑक्टोबर

नवीन मशीन बसवलं. दुसरा फिटर. फॉर्म पूर्ण वाचून, रिकाम्या जागी रेघ मारून सही केली. फिटर म्हणाला, एवढं कुणी वाचत नाही काका. दारात चिखल होता, पाय पुसून गेला.

४ ऑक्टोबर, दुपारी ३.००

मशीन चालतंय. तांब्या भरला, मग कळशी, आता बादली लावली आहे. सकाळपासून मोजलं, चौदा लिटर. संध्याकाळपर्यंत वीस होतील. मुनव्वर येऊन बघून गेला. आता हवेत वल हाय, असं म्हणाला.

एक कळशी बायडाबाईंकडे नेली. त्यांच्या अंगणातली दोन्ही पिंपं काठोकाठ. म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या, तुमालाच लागंल.

वच्छलाला फोन केला. घरात पाणी आलं, या वेळी खरं, उचलायचंही नाही, नुसती तोटी सोडायची. ती म्हणाली, पानी हितं बी लई हाय. कधी येतेस, विचारलं. तिनं फोन जानकीला दिला. जानकी म्हणाली, आई हितंच ऱ्हाते म्हणती, अण्णा. मी म्हणालो, सोमवारपर्यंत का? तिकडं कुणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज येत होता.

६.१०

बादली भरून वाहिली. स्वयंपाकघराची फरशी पुसली, दोनदा. लाइट आहे म्हणून मशीन थांबत नाही, बंद करायचं बटण सापडलं नाही. एक ग्लास भरून प्यालो. पाणी चांगलं आहे, गार. तहान नव्हती.