कढत पाणी

६ सप्टेंबर १९८३, मंगळवार

१. टाकीतलं पाणी एक्केचाळीस अंश. थर्मामीटर माझ्या हातात.

२. पेशंट सुलाबाई, वय बावीस, ओझरच्या पुढच्या वस्तीवरची. पाच महिन्यांची मुलगी आहे. बाळंतपणापासून दोन्ही डोळे अंधुक, उजवा जास्त; डावा पाय जड. कधी असतं, कधी नसतं.

३. पाण्यात उतरण्याआधी उजव्या डोळ्याने तक्त्यावरची चौथी ओळ वाचली. सातवी शिकलेली आहे.

४. गळ्यापर्यंत पाण्यात बसवली. थोड्या वेळाने म्हणाली, “ताई, दिवा घालवला का?” दिवा चालू होता.

५. मग मान पुढे झुकली. हात उचलेना. डॉ. टिपणीस म्हणाले, “वा! पॉझिटिव्ह.”

६. तिघांनी धरून बाहेर काढली, पंख्याखाली निजवली. डोळे परत आले.

७. पाय आला नाही. मी घरी निघाले तोवर आला नव्हता.

घडलं ते एवढंच. आईने जेवायला वाढलं, मी नको म्हटलं. हातांना अजून त्या पाण्याची ऊब आहे.

७ सप्टेंबर

पाय थोडा आला. अंगठा हलतो. टाच घासते.

डॉ. टिपणीस मुंबईहून दर मंगळवारी येतात. काल मुक्काम केला. आज शांतपणे समजावून सांगितलं. आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवरचं वेष्टण जागोजागी उडतं, संदेश रखडतो. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, डोक्याला तारा लावून आलेख काढायचं यंत्र चालवते – उघड्या पडलेल्या तारेचं मला वेगळं सांगावं लागत नाही. अंग तापलं की उरलासुरला संदेशही थांबतो. म्हणून गरम पाणी. लपलेला दोष वर येतो, अंग निवलं की जातो. बहुधा जातो.

हा ‘बहुधा’ काल नव्हता.

पुस्तकं म्हणतात, हा आजार आपल्याकडे जवळजवळ नाहीच. डॉक्टरांचं म्हणणं – नाही असं नाही, कुणी शोधला नाही. जिल्ह्यातले पेशंट जमवून ते त्यांना सिद्ध करायचंय. मला पटलं होतं. अजून पटतं. टाकी मीच मापं देऊन सातपूरला बनवून घेतली – हौसेने!

विचारलं, सुलाबाईला आधी काय सांगितलं होतं?

“काहीच नाही. पाय जाईल म्हणून सांगितलं तर भीतीनेच जाईल. मग खरं कोणतं हे कसं कळणार, मिस पगारे?”

मुद्दा बिनचूक आहे. तेच भयंकर आहे.

९ सप्टेंबर

आज सुलाबाईजवळ बसले. रागावली असेल असं धरून गेले होते. ती हसत होती. म्हणाली, तुमच्या टाकीचं काय एवढं, आमच्याकडे टाकी नव्हती एवढाच फरक.

मला कळलं नाही. मग तिने सांगितलं. बाळंतीण असताना सव्वा महिना, रोज सकाळी, हात घालवणार नाही इतकं कढत पाणी. त्यानंतर बाजेवर निजायचं, बाजेखाली शेगडी, वर गोधडी. रोज आंघोळीनंतर डोळ्यांपुढे पडदा यायचा. पाय कापसाचे व्हायचे. सासूला सांगितलं की ती म्हणायची, अंगात गार शिरलंय – आणि शेगडीत कोळसे वाढवायची. जितका पाय लुळा, तितके कोळसे जास्त!

दुपारी अंग निवायचं. मग ही उठून विहिरीपर्यंत चालत जायची. त्यावर वस्तीत नाव पडलं – ‘न्हाणीतली आजारी’. जावा विचारतात, आज आंघोळ झाली का गं, म्हणजे काम कुणाला सांगायचं ते ठरवता येईल.

सासू दुष्ट का, मी विचारलं. तिला ते आवडलं नाही. सासू, धोंडाबाई, तिची सख्खी आत्या. मामाची मुलगी म्हणून कौतुकाने करून घेतली. “आत्या स्वतःच्या हाताने पाणी घालायची, ताई. जावांना नाही घातलं कधी.”

आम्ही एकदा केलं ते हिच्यावर रोज झालं होतं. मायेने झालं होतं. मी यंत्राच्या खोलीत जाऊन दार लावून बसले.

१२ सप्टेंबर

तिची माहिती लिहून घेतली. माहेरी कुणाला असा त्रास? आईला? बहीण-भावांना? आजोळी? नाही. तसं लिहिलं. पाय जवळजवळ आला आहे. थकल्यावर टाच अजून घासते.

१५ सप्टेंबर

उद्या घरी सोडणार. आज तिने माझा हात धरला. मला कुणी हात धरलेला आवडत नाही, पण सोडवला नाही.

नाथा, म्हणजे नवरा, दसरा झाला की तिला माहेरी पोचवणार आहे. कायमची. सोंग करणारी बायको नको म्हणतो. मुलगी तिकडेच राहणार, म्हशीच्या दुधावर. सगळं ठरलंय.

“ताई, ती टाकीची आंघोळ पुन्हा करा. त्यांच्यासमोर करा. एकदा डोळ्यांनी बघू द्या.”

पाय गेला तर?

“गेला तर गेला. पोरगी तर राहील.”

मी नाही म्हटलं. तिने माझा हात सोडला. नंतर म्हणाली, तुमच्याकडे एवढी यंत्रं आहेत, आमच्या माणसांना दिसेल असं एकही नाही.

२० सप्टेंबर, मंगळवार

सुलाबाईचं म्हणणं डॉक्टरांच्या कानावर घातलं. मला वाटलं, ते नको म्हणतील. ते खूश झाले! “ती स्वतःच तयार आहे? मग कॅमेरा आणतो.”

मी तेव्हाच विचारलं – तापल्याने संदेश तुटतो, तर गार केल्याने जुळायला हवा. तसं का नाही करायचं?

“जुळतो की. थोडा वेळ जुळतो. माहीत आहे. पण त्याने लपलेला दोष वर येत नाही, तो आणखी लपतो. आपल्याला तो हवाय.”

माहीत होतं. माहीत होतं त्यांना! मी टेबलाची कड धरून उभी होते. घरी येताना दोन बस सोडल्या.

२५ सप्टेंबर, रविवार

एकटी गेले. ओझरपर्यंत एस.टी., पुढे पायी. दवाखान्यात कुणाला सांगितलं नाही.

दुपारी स्वयंपाक आटोपायची वेळ मुद्दाम धरली, चुलीने अंग तापलेलं असतं म्हणून. सुलाबाई चुलीपुढून नुकतीच उठली होती – भिंत धरून. माझी हाक ऐकून तिचा चेहरा उजळला, पण मी कुठे आहे ते तिला नीट दिसत नव्हतं, आवाजावरून वळली.

धोंडाबाई उंच, हाडापेराने मोठी. मी काय करणार ते सांगितलं – विहिरीचं गार पाणी, हातापायांवर, मानेवर. त्या उसळल्या. अंगावर पाजती ती! गार पाणी दुधात उतरतं, पोरीला बाधतं, शिकलेल्या असून एवढं कळत नाय? मग विचारलं, आडनाव काय? पगारे म्हटलं. कुठल्या पगारे ते त्यांनी विचारलं नाही; जात ओळखली, हे मी ओळखलं. हंड्याकडे गेलेला माझा हात तिथेच थांबला. भांडायला आले नव्हते. म्हटलं, मी शिवत नाही, तुम्हीच घाला.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग हंडा माझ्या पुढ्यात ठेवला. “घाल तूच. माझ्यानं गार पाणी नाय घालवणार तिला.”

मी घातलं. सुलाबाई शहारली, मग हसायला लागली. ओलं फडकं मानेवर ठेवून तिला सावलीत बसवलं. नाथा दारात उभा, तोंडात काडी. जावा ओसरीवर. तमाशा बघायला जमतात तशा.

मग मी दाभणसुई दिली, गोधडी शिवायची. चुलीपुढून उठल्यावर हिला दोरा दिसतसुद्धा नव्हता. आता एका हिसक्यात ओवला. उठली, मळ्यात गेली, वाफ्याच्या वरंब्यावरून चालत गेली आणि आली. टाच उचलून!

धाकटी जाऊ म्हणाली, अगंबाई, म्हणजे आपण उगाच... आणि थांबली.

धोंडाबाई आत गेल्या. मी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. रागावल्या असाव्यात. असू देत. नाथाने पाहिलं, तेवढं पुरे.

२८ सप्टेंबर

पुरे नाही!

नाथा दवाखान्यात आला. कपडे इस्त्रीचे, बोलणं मऊ. सोंग नाही हे पटलं म्हणाला. आजाराचं नाव कागदावर लिहून मागितलं. मला आनंद झाला, मूर्खासारखा. मग त्याने विचारलं, पूर्ण बरी होईल का? खोटं बोलता आलं नाही. सांगितलं, अजून औषध नाही, थांबेल की वाढेल तेही सांगता येत नाही.

“मग झालं तर. सोंग असतं तर मारून मुटकून सरळ केली असती. आजारी बायको मी जन्मभर कुठवर ओढू, बाई? मामानं बी आधी सांगायला पायजे होतं.”

दसऱ्यानंतर पोचवणार, ते कायम.

मी पुरावा दिला. तो त्याने खिशात घालून नेला. असं होईल हे मला सुचायला हवं होतं – मी दोष शोधते, पुढचा विचार करणं माझं काम नाही असं धरून चालले. कुणाला सांगावं? डॉक्टरांना सांगितलं तर म्हणतील, हा सामाजिक प्रश्न आहे.

१ ऑक्टोबर

काही नाही. काम. टाकी रिकामी करून भिंतीशी उलटी ठेवली. पुढचा पेशंट यायचाय – मनमाडचा, रेल्वेतला. सुलाबाईला कॅमेऱ्यासाठी पुन्हा टाकीत उतरवणार नाही आणि त्याला आधी सगळं सांगितल्याशिवाय मी पाणी भरणार नाही, असं डॉक्टरांना फोनवर कळवलं. ते हसले. मी नाही.

५ ऑक्टोबर, बुधवार

बाजार करून धोंडाबाई दवाखान्यात आल्या, एकट्याच. पिशवीतून मेथीची जुडी काढून टेबलावर ठेवली. सुला कुठं जात नाय, म्हणाल्या. नाथाला सांगितलंय – घर माझ्या नावावर हाय, जायचं तर तू जा.

मग उठल्या नाहीत. पदराने तोंड पुसत राहिल्या. शेवटी बोलल्या, भिंतीकडे बघत.

“माझी नवसा बी अशीच होती, बाई. थोरली लेक. पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडं आलेली. रोज म्हणायची, आई, पाणी कमी कढत कर, मला दिसंनासं होतं. मी म्हणायची, गार शिरलंय. लोक म्हणले, अंगावरनं वारं गेलं. मी शेगडी विझू दिली नाय. बाजेवरच गेली.”

माहेरी कुणी नाही असं मी लिहिलं होतं. सासरचं विचारलंच नव्हतं, सासर रक्ताचं नसतं म्हणून. इथे सासर आत्याचंच घर. नवसा आणि सुला आते-मामे बहिणी. आणि सुलाची मुलगी दोन्हीकडून त्याच रक्ताची.

शेगडीने तो आजार होत नाही, एवढं मी सांगितलं. तेवढंच मला माहीत आहे. त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नव्हे. पिशवी उचलली, दारापर्यंत गेल्या, वळल्या.

“नातीला मी अजून रोज कढत पाण्यानं न्हाऊ घालती. ते बंद करू का? तिला बी होईल का हे? डाक्टरला इचारा. पुढच्या बुधवारी बाजाराला यीन, तवर सांगा.”